सोनोग्राफीचा कागद म्हणजे कौल नव्हे

पेडण्याच्या गावांत एखादी गोष्ट अडली की देवळात गाऱ्हाणे घालायचे, देवाला प्रसाद लावायचा आणि कळी उजवी पडते की डावी याकडे डोळे लावून बसायचे, ही रीत जुनी आहे. अलीकडे सोनोग्राफीच्या अहवालातली शेवटची ओळ तशाच नजरेने वाचली जाते. 'दोन्ही अंडाशय पॉलिसिस्टिक दिसतात, इतर लक्षणांशी ताडून पाहावे', एवढेच तिथे लिहिलेले असते. घरी पोहोचेपर्यंत त्यातले 'ताडून पाहावे' गळून जाते, 'गाठी आहेत' तेवढे उरते, आणि स्वयंपाकघरात दबक्या आवाजात एकच विचारणा सुरू होते, हिला मूल होणार ना? मुलगी लग्नाची असेल तर कागद कपाटात तळाशी जातो. लग्न झालेली असेल तर पेडण्याची असो वा डिचोलीची, तिच्यासाठी नवस बोलले जातात. ही भीती खोटी नाही, पण ती भलत्या जागी बसली आहे असे मला वाटते. मूल होण्याच्या बाबतीत पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम) समजतो त्याहून बराच सौम्य आहे आणि बाकी शरीराच्या बाबतीत समजतो त्याहून गंभीर. आपण घाबरतो नेमके उलटे.

गोंधळाचे मूळ नावातच आहे. 1935 साली शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेन्थाल या दोन डॉक्टरांनी सात स्त्रियांची हकीकत प्रसिद्ध केली. त्यांची पाळी चुकत होती आणि अंडाशय मोठे, बारीक पुटकुळ्यांनी भरलेले होते. डॉक्टरांनी अंडाशयाचा काही भाग कापून काढला, पाळी सुरळीत झाली, दोघींना दिवस गेले. पुढे त्या पुटकुळ्यांवरूनच आजाराचे बारसे झाले. पण त्या गाठी नव्हेत. दर महिन्याला अंडाशयात अनेक बीजकोश वाढू लागतात, त्यांतला एक पुढे जाऊन पिकतो आणि बीज बाहेर पडते. पीसीओएसमध्ये मेंदूकडून येणाऱ्या संप्रेरकांचा तोल ढळलेला असतो, अनेकींच्या रक्तात इन्सुलिनही जास्त असते, त्यामुळे अंडाशय पुरुषी संप्रेरके जास्त बनवतो आणि बीजकोश अर्ध्या वाटेत, दोन ते नऊ मिलिमीटरवर, थबकतात. सोनोग्राफीत दिसते ती ही थबकलेली रांग. म्हणजे बीजे संपलेली नाहीत, उलट बऱ्याचदा जास्तच शिल्लक आहेत. अडले आहे ते त्यांचे वेळेवर बाहेर पडणे. अमेरिकेतल्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने नेमलेल्या तज्ज्ञांनी 2012 सालीच हे नाव दिशाभूल करणारे असल्याचे सांगून ते बदलावे असे सुचवले होते. आपल्याकडे 'पीसीओडी' म्हणा की 'पीसीओएस', बोलणारीच्या मनात गाठच असते.

निदानाचे निकषही लोकांना वाटते तितके साधे नाहीत. 2003 साली रॉटरडॅमला ठरलेल्या निकषांनुसार तीनपैकी दोन गोष्टी असाव्या लागतात: अनियमित पाळी, पुरुषी संप्रेरके वाढल्याच्या खुणा (हनुवटीवर राठ केस, हटवादी मुरूम किंवा रक्तातले प्रमाण), आणि सोनोग्राफीतले ते चित्र. थायरॉइड, प्रोलॅक्टिन यांसारखी दुसरी कारणे आधी वगळायची असतात. नुसत्या चित्रावरून निदान होत नाही, कारण पाळी अगदी वेळेवर येणाऱ्या कितीतरी निरोगी तरुणींचे अंडाशयही तसेच दिसतात. पूर्वी एका अंडाशयात बारा बीजकोश मोजले की शिक्का बसायचा. यंत्रे सुधारली, बारीकसारीक दिसू लागले, तेव्हा हा आकडा वीसवर न्यावा लागला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या देशव्यापी पाहणीचे निष्कर्ष 2024 साली प्रसिद्ध झाले. त्याच स्त्रिया जुन्या अमेरिकी निकषांनी मोजल्या तर प्रमाण शेकडा 7.2 भरते आणि रॉटरडॅम निकषांनी 19.6. एकच गर्दी, दोन पट्ट्या, आणि आकडा अडीचपटींहून जास्त. सोळा-सतरा वर्षांच्या मुलींबाबत तर 2023 ची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे स्पष्ट आहेत: पहिली पाळी येऊन आठ वर्षे होईपर्यंत सोनोग्राफीवरून निदान करू नये. पाळी अनियमित आणि पुरुषी संप्रेरके जास्त, हे दोन्ही हवे. बारावीच्या मुलीला 'तुला पीसीओडी आहे' असे एका तपासणीत सांगून मोकळे होणे घाईचेच म्हणायला हवे.

आता मुलाचा प्रश्न. स्वीडनमधल्या उपसाला येथे पीसीओएस असलेल्या स्त्रियांचा अनेक वर्षांनी मागोवा घेण्यात आला. मूल व्हावे म्हणून प्रयत्न केलेल्यांपैकी शेकडा 86.7 जणींना किमान एक मूल झाले होते. आजार नसलेल्यांत हे प्रमाण 91.6 होते. फरक आहे, पण पाच टक्क्यांच्या आसपासचा. आणि आई झालेल्या त्या पीसीओएसवाल्यांतल्या सुमारे तीन-चतुर्थांश जणींना उपचारांशिवाय दिवस गेले होते. कोणी म्हणेल, स्वीडनचे आकडे आपल्याला काय कामाचे? आक्षेप योग्य आहे. आपल्याकडे मधुमेहाची ओढ जास्त, पोटावर चरबी लवकर साठते. पण बीज बाहेर पडण्याची यंत्रणा उपसाल्यात आणि मांद्र्यात वेगळी नाही, आणि ती सुरू करणारे औषधही तेच आहे. पाळीच्या सुरुवातीला पाच दिवस लेट्रोझोलची गोळी, हा आज पहिल्या पसंतीचा उपचार. 2014 साली अमेरिकेत साडेसातशे स्त्रियांवर झालेल्या चाचणीत जुन्या क्लोमिफेनने शेकडा 19.1 जणींना मूल झाले, लेट्रोझोलने 27.5 जणींना. गंमत म्हणा की दुर्दैव, वंध्यत्वासाठी हेच औषध वापरायला भारतात 2011 पासून बंदी होती; ती 2017 साली उठली.

इथे दुसरा आक्षेप येतो, आणि तो जास्त बोचरा आहे. वर्षानुवर्षे वाट बघणाऱ्या जोडप्याला टक्केवारी सांगून काय उपयोग? खरे आहे. गोळ्यांनी सगळ्यांचे काम होत नाही, वय पस्तिशीकडे झुकले की बीजांची प्रत घसरते, आणि ते घड्याळ कुणासाठी थांबत नाही. म्हणून पाळी दोन-दोन महिने येत नसेल तर 'वर्षभर प्रयत्न करून बघा' हा सल्ला ऐकू नये, लवकर जावे. पेडण्याहून निघून कोलवाळचा पूल, म्हापसा आणि मांडवी ओलांडून बांबोळीला जावे लागते हे खरे, पण गोवा वैद्यकीय महाविद्यालयात 2023 पासून आययूआय आणि आयव्हीएफ सरकारी खर्चाने सुरू झाले आहे. लाखांच्या बिलाच्या धास्तीने घरी बसण्याचे एक कारण त्यामुळे गेले. आणि एक गोष्ट घरातल्या मोठ्यांनी ऐकायला हवी. मूल न होण्याच्या सुमारे निम्म्या प्रकरणांत पुरुषाकडचे कारणही असते. सुनेच्या हाती निदानाचा कागद आला की मुलाला तपासायचे राहून जाते, हा अन्याय तर आहेच, शिवाय वर्ष वाया घालवण्याची खात्रीशीर युक्ती आहे.

बाकी शरीराची गोष्ट मात्र कोणी काढत नाही. 'लग्न झाले, मूल झाले की सगळे ठीक होते' हे वाक्य आयाबायाच नव्हे, कधी कधी शिकलेली माणसेही बोलतात. मूल झाल्याने इन्सुलिनचा बिघाड मिटत नाही. पीसीओएस असलेल्या स्त्रीला गरोदरपणात आणि पुढे चाळिशीच्या अलीकडेच मधुमेह गाठण्याची शक्यता जास्त असते, म्हणून निदान होताच ग्लुकोज पाजून दोन तासांनी साखर तपासावी आणि दर एक ते तीन वर्षांनी ती तपासणी पुन्हा करावी असे तज्ज्ञ सांगतात. पाळी तीन-तीन महिने येत नसेल तर गर्भाशयाचे अस्तर साचत राहते आणि बऱ्याच वर्षांनी त्याच्या कर्करोगाचा धोका वाढतो; त्यासाठी ठरावीक काळाने गोळ्या देऊन पाळी आणावी लागते. 'हार्मोनच्या गोळ्यांनी मूल राहत नाही' ही समजूत इथे आड येते. गोळ्या बंद केल्यावर शरीर आपल्या मूळ चालीवर येते, त्या गर्भधारणेची क्षमता खाऊन टाकत नाहीत. उदासी आणि चिंता हीदेखील या आजाराच्या तपासणीचाच भाग आहे, हे किती घरांत ठाऊक असेल? डिसेंबर 2022 पासून धारगळला अखिल भारतीय आयुर्वेद संस्था आहे, तिथे जाणाऱ्या पेडणेकरणी पुष्कळ. जरूर जावे, पण साखर, रक्तदाब आणि अस्तराची चौकशी त्यासाठी थांबवू नये.

वजनाचे बोलणे सर्वांत अवघड, कारण ते ऐकवणाऱ्यांची कमी नसते. वजन जास्त असेल आणि ते पाच ते दहा टक्के उतरले तर पुष्कळजणींची पाळी सुधारते, म्हणजे सत्तर किलोच्या बाईने साडेतीन-चार किलोंपासून सुरुवात केली तरी चालते. सडपातळ मुलींनाही हा आजार होतो, तेव्हा 'जाड झाली म्हणून झाले' हे शास्त्र नव्हे. तुये किंवा डिचोलीच्या औद्योगिक वसाहतीत दिवसभर एका जागी बसून किंवा उभे राहून काम करणाऱ्या मुलीला 'व्यायाम कर' म्हणणे सोपे आहे; बसथांब्यापर्यंतची चाल, सुट्टीतला डोंगर आणि घरातल्या कामाची वाटणी यांवर ते अवलंबून असते. खाणे परके आणायची गरज नाही. उकड्या तांदळाची पेज, हुमण, पालेभाजी, नाचणीची तिजान (गूळ हात आखडून) हे आपल्या चुलीवरचेच आहे. अडचण चहासोबतच्या बिस्किटांत, बाटलीबंद सरबतांत आणि सकाळ-संध्याकाळच्या भाजीपावात आहे.

हाती असा कागद आला असेल तर गेल्या वर्षभरातल्या पाळीच्या तारखा एका कागदावर लिहून काढा. तीनपैकी कोणते दोन निकष माझ्यात आहेत, हे डॉक्टरांना थेट विचारा. ग्लुकोजची तपासणी मागून घ्या. आणि मुलासाठी प्रयत्न चालू असतील तर जाताना नवऱ्यालाही सोबत न्या. त्याच्या तपासणीला सुई लागत नाही आणि चिरफाडही लागत नाही.