द्विधाव आउटबोर्ड इंजिनाची शक्तिवृद्धी

लहान नौकेच्या मागील फळीवर शिकंज्यांनी आवळून बसवल्या जाणाऱ्या टू-स्ट्रोक अर्थात द्विधाव इंजिनाकडून अधिक उपयुक्त शक्ती मिळवण्याच्या उपायांना द्विधाव आउटबोर्ड इंजिनाची शक्तिवृद्धी असे म्हणतात. यात इंजिनाची हरवलेली मूळ शक्ती परत मिळवणे, तिचा पाण्यात योग्य वापर करणे आणि इंजिनाच्या रचनेत फेरफार करणे असे तीन प्रकार मोडतात. बोलीभाषेत या यंत्राला ‘आउटबोर्ड मशीन’ किंवा ‘ओबीएम’ म्हणतात. महाराष्ट्रात कोकण किनाऱ्यावरील लहान मासेमारी नौका, जलाशयांतील नौका आणि पूरबचावाच्या रबरी बोटी यांवर अशी यंत्रे आढळतात.

कार्यपद्धती

चतुर्धाव इंजिनात दट्ट्याच्या चार धावांमागे एकदा इंधन पेटते. द्विधाव इंजिनात ते दर दोन धावांमागे, म्हणजे भुजादंडाच्या प्रत्येक फेऱ्यात पेटते. त्यामुळे कमी वजनात जास्त शक्ती मिळते. दट्ट्या वर जाताना कार्ब्युरेटरमधून हवा, पेट्रोल व वंगणतेल यांचे मिश्रण क्रँककेसमध्ये ओढले जाते. दट्ट्या खाली येताना हे मिश्रण दाबले जाऊन बाजूच्या मार्गांतून सिलिंडरमध्ये शिरते आणि जळालेला वायू बाहेर ढकलते. या क्रियेत थोडे ताजे मिश्रणही न जळता बाहेर निसटते. इंजिनाची शक्ती मुख्यतः सिलिंडरमध्ये किती हवा भरली जाते, तिच्याशी इंधनाचे प्रमाण किती आहे आणि मिनिटाला किती फेरे होतात यांवर अवलंबून असते.

उंची व तापमान यांचा परिणाम

बुलढाणा जिल्ह्याचे ‘घाटावरचा’ आणि ‘घाटाखालचा’ असे दोन भाग मानले जातात. घाटावर असलेले बुलढाणा शहर समुद्रसपाटीपासून 600 मीटरांहून अधिक उंचीवर आहे, तर घाटाखालील पूर्णा खोऱ्यातील मलकापूर, नांदुरा ही गावे त्याच्या निम्म्याहून कमी उंचीवर आहेत. दर 300 मीटर उंचीमागे हवा सुमारे 3 टक्क्यांनी विरळ होते आणि त्याच प्रमाणात इंजिनाची शक्ती घटते. तापमान 15 अंश सेल्सिअसवरून 42 अंशांवर गेल्यास हवा आणखी 8 ते 9 टक्क्यांनी विरळ होते. म्हणून किनाऱ्यावर थंड हवेत 15 अश्वशक्ती देणारे यंत्र उन्हाळ्यात घाटावरील जलाशयात जेमतेम 13 अश्वशक्ती देते. हा यंत्राचा दोष नसून हवेचा गुण आहे.

विरळ हवेत मिश्रणातील पेट्रोलचे प्रमाण जास्त होते. ते सुधारण्यासाठी कार्ब्युरेटरमध्ये किंचित लहान छिद्राचे जेट बसवतात. मात्र हेच यंत्र पुढे घाटाखाली नेल्यास मिश्रणात पेट्रोल कमी पडते, दट्ट्या अतितप्त होतो आणि सिलिंडरमध्ये जखडून बसतो. 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलमुळेही मिश्रण याच दिशेने झुकते. त्यामुळे जेट बदललेल्या यंत्रावर त्याची स्पष्ट नोंद असणे आवश्यक ठरते.

हरवलेली शक्ती परत मिळवणे

जुन्या यंत्राची शक्ती बहुधा दुरुस्तीनेच वाढते. प्रथम दाबमापकाने प्रत्येक सिलिंडरचे संपीडन मोजतात; दोन सिलिंडरांत 10 टक्क्यांहून अधिक फरक असल्यास दट्ट्याची कडी झिजलेली किंवा सील निकामी झालेले असू शकते. त्यानंतर स्पार्क प्लग, कार्ब्युरेटर, इंधनगाळणी, हवा आत घेणाऱ्या पात्यांची झडप आणि निष्कासमार्गात साचलेला कोळसा तपासतात. वंगणतेलाचे प्रमाण उत्पादकाच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे लागते. 50 : 1 या प्रमाणासाठी 10 लिटर पेट्रोलमध्ये 200 मिलिलिटर तेल लागते. तेल कमी केल्याने शक्ती वाढते हा समज घातक आहे. पुराच्या गढूळ पाण्यामुळे शीतकरण पंपातील रबरी चक्र लवकर झिजते. यंत्राच्या मागून पडणारी पाण्याची धार क्षीण होणे हे त्याचे पहिले लक्षण होय.

पंखा व बसवणूक

इंजिन सुस्थितीत असूनही नौका संथ असेल, तर कारण बहुधा पंख्यात असते. पंखा एका फेऱ्यात सैद्धांतिकदृष्ट्या जेवढा पुढे सरकतो त्या अंतरास ‘पिच’ म्हणतात. पिच 1 इंचाने कमी केल्यास इंजिनाचे साधारण 150 ते 200 फेरे वाढतात. पूर्ण भार घेऊन व पूर्ण थ्रॉटल देऊन चालवताना फेरे पुस्तिकेत दिलेल्या मर्यादेच्या वरच्या भागात असावेत. माणसांनी भरलेल्या बचावबोटीस कमी पिचचा, तर हलक्या बोटीस जास्त पिचचा पंखा मानवतो. पंख्यावरील आडवी पट्टी नौकेच्या तळाच्या समपातळीत किंवा किंचित खाली असावी. ती वर राहिल्यास पंखा हवा ओढतो आणि शक्ती वाया जाते.

नौकेच्या आकारालाही मर्यादा असते. पाणी कापत जाणाऱ्या जड नौकेचा कमाल वेग तिच्या जलरेषेवरील लांबीवर ठरतो. 16 फूट लांबीसाठी तो सुमारे 5.4 नॉट, म्हणजे ताशी 10 किलोमीटर इतका येतो. अशा नौकेवर दुप्पट शक्तीचे यंत्र लावल्यास इंधन जळते, वेग फारसा वाढत नाही.

रचनेतील फेरफार

काही उत्पादकांची 9.9 व 15 अश्वशक्तीची यंत्रे एकाच सिलिंडर-ठोकळ्यावर बेतलेली असून त्यांत कार्ब्युरेटर किंवा वायुमार्ग यांचाच फरक असतो. अशा ठिकाणी मोठ्या यंत्राचे मूळ भाग बसवणे हा तुलनेने सुरक्षित मार्ग आहे. वायुद्वारे घासून मोठी करणे किंवा सिलिंडरचे डोके घासून संपीडन वाढवणे यांमुळे वरच्या फेऱ्यांत शक्ती वाढते. पण संथ वेगातील जोर व इंजिनाचे आयुष्य घटू शकते. शर्यतीच्या मोटारसायकलींतील फुगीर निष्कासनळी आउटबोर्डवर सहसा बसवता येत नाही, कारण येथे धूर यंत्राच्या पायातून पाण्याखाली सोडलेला असतो.

सुरक्षा, कायदा व पर्यावरण

जुलै 2023 मध्ये जिल्ह्यातील संग्रामपूर व जळगाव जामोद तालुक्यांत अतिवृष्टीने पूर आला होता. अशा प्रसंगी प्रवाहाच्या मध्यावर बंद न पडणारे यंत्र हे चार अश्वशक्ती जास्त देणाऱ्या यंत्रापेक्षा मोलाचे असते. मागील फळीच्या क्षमतेपेक्षा शक्तिमान यंत्र लावल्यास फळी तडकण्याचा किंवा नौका उलटण्याचा धोका संभवतो. 18 डिसेंबर 2024 रोजी मुंबईजवळ इंजिनाची चाचणी सुरू असलेली नौदलाची वेगवान बोट ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर आदळून दहाहून अधिक जणांचा मृत्यू झाला. इंजिनाची चाचणी मोकळ्या पाण्यात व वर्दळीपासून दूर करण्याचे महत्त्व या घटनेने अधोरेखित केले.

अंतर्देशीय जलयान अधिनियम, 2021 हा देशांतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक नौकांच्या नोंदणी व सर्वेक्षणाबाबतचा कायदा आहे. द्विधाव यंत्रातून न जळालेले पेट्रोल व तेल थेट पाण्यात मिसळते. पैनगंगेवरील येळगाव धरणातून बुलढाणा शहराला पिण्याचे पाणी मिळते. अशा जलाशयांत शक्तीपेक्षा पाण्याची शुद्धता अधिक महत्त्वाची असल्याने चतुर्धाव किंवा विजेवर चालणारी यंत्रे हा योग्य पर्याय ठरतो.