डॉक्टर विचारतात, "कुठं पडले होते का?"

आमचे मामा शिवाजी पेठेत राहायचे. सेंट्रिंगचे काम करायचे. बांधकाम कामगार मंडळाकडे त्यांची रीतसर नोंदणी होती. २०२२ च्या पावसाळ्यात दोन-तीन आठवडे त्यांचे डोके दुखत होते. मेडिकलमधून गोळी आणायची, घ्यायची आणि कामावर जायचे, असे चालले होते. मग ते गोष्टी विसरू लागले. एका रात्री जेवताना डाव्या हातातली वाटी निसटली. सकाळी हाका मारल्या तर उठेनात. बेशुद्ध अवस्थेतच दवाखान्यात नेले. स्कॅनमध्ये कवटी आणि मेंदू यांच्या मध्ये रक्त साठलेले दिसले.

डॉक्टरांनी मामीला विचारले, "कुठं पडले-बिडले होते का?"

"नाही ओ. बीपीची गोळी मात्र मधेच बंद केली हुती."

डॉक्टरांनी ते लिहून घेतले. ऑपरेशन झाले, पण उशीर झाला होता. तिसऱ्या दिवशी मामा गेले. पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला त्यांचा कामावरचा जोडीदार आला होता. चहा पिता पिता तो म्हणाला, "परांचीवरनं पडल्यापासनं दादा गप्पच झाले हुते." आम्ही सगळे त्याच्याकडे बघत राहिलो. मामा घरी काही बोललेच नव्हते. पडले, उठले, डोके चोळले आणि पुन्हा फळ्या ठोकायला लागले.

ही हकीकत सांगण्याचे कारण एक अक्षर आहे. जगभरच्या आजारांना आणि मृत्यूच्या कारणांना जागतिक आरोग्य संघटनेने संकेतांक दिलेले आहेत. आपल्याकडे मृत्यूच्या कारणांसाठी त्याची दहावी आवृत्ती वापरतात. आधी इंग्रजी अक्षर, पुढे आकडे. 'आय' हे अक्षर रक्ताभिसरणाच्या आजारांचे, 'एस' हे इजेचे. मेंदूभोवतीचा रक्तस्राव या दोन्ही घरांत बसतो.

मेंदूवर तीन आवरणे असतात. बाहेरचे जाड असते, त्याला ड्युरा म्हणतात. मधले अरॅक्नॉइड, आणि तिसरे मेंदूला चिकटलेले. अरॅक्नॉइडच्या खाली आपोआप रक्तस्राव झाला, म्हणजे बहुधा रक्तवाहिनीचा फुगा फुटला, तर आय ६०. मेंदूच्या आतच झाला तर आय ६१. ड्युराच्या खाली मार न लागता झाला तर आय ६२.०. आता तेच ड्युराखालचे रक्त मार लागून साठले असेल तर एस ०६.५. अरॅक्नॉइडखाली मार लागून झाले तर एस ०६.६. स्कॅनमध्ये रक्त कुठे आहे ते दिसते. ते कशामुळे आले हे प्रत्येक वेळी दिसतेच असे नाही. तीन आठवड्यांत डोक्यावरचे टेंगूळही जिरलेले असते. ते कारण घरच्या माणसांनी सांगायचे असते. शिवाय इजा कशी झाली यालाही वेगळा संकेतांक आहे. परांचीवरून पडण्याला डब्ल्यू १२. इतका बारकावा त्या पुस्तकात आहे, पण संकेतांक बसवणारा माणूस रुग्णाला पाहत नाही, तो फक्त कागद पाहतो. डॉक्टरांनी नुसते 'ब्रेन हॅमरेज' लिहिले की कारण हरवते.

पैशाचा प्रश्नही याच कागदावर येतो. नोंदीत बांधकाम कामगाराचा कामावर मृत्यू झाला तर वारसाला मंडळाकडून ५ लाख, नैसर्गिक मृत्यूला २ लाख. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे २ लाख तर अपघाती मृत्यूलाच मिळतात. त्यासाठी बँक वर्षाला २० रुपये कापते. आजाराचा मृत्यू म्हणून नोंद झाली की त्या २० रुपयांचा उपयोग नाही. मामांच्या कागदावर बीपी होते. पोलिसांत नोंद नव्हती, शवविच्छेदन नव्हते. मामीला २ लाख मिळाले. याचा दोष आम्ही दवाखान्याला देत नाही. डॉक्टरांनी विचारले होते.

पोलिसांची झंझट नको म्हणूनही आपली माणसे पडल्याचे लपवतात. डोक्याला मार लागलेल्या रुग्णाची दवाखाना पोलिसांना खबर देतो, त्याला एमएलसी म्हणतात. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. उलट पुढे तोच पुरावा ठरतो.

मात्र खोटे पडणेही सांगू नये. कधी आधी रक्तवाहिनी फुटते आणि त्यामुळे माणूस कोसळून डोके आपटते. तिथे आधी काय झाले हे डॉक्टरांना ठरवू द्यावे. चुकीच्या माहितीवर उपचारही चुकू शकतो.

दवाखान्यात मृत्यू झाला तर डॉक्टर नमुना ४ भरतात. त्यात मृत्यू नैसर्गिक की अपघाती, आणि इजा कशी झाली, हे दोन्ही विचारलेले असते. महापालिकेतून मिळणाऱ्या मृत्यूच्या दाखल्यावर कारण नसते, हे अनेकांना ठाऊक नसते. जन्म-मृत्यू नोंदणीच्या कायद्यात २०२३ साली दुरुस्ती झाली. त्या वर्षीच्या १ ऑक्टोबरपासून कारणाच्या प्रमाणपत्राची प्रत जवळच्या नातेवाइकाला देणे दवाखान्यावर बंधनकारक आहे. ती मागून घ्या आणि तिथेच कोणाकडून तरी वाचून घ्या.

पण कागदाच्या आधी माणूस. ड्युराखाली हळूहळू साठणारे रक्त वेळेवर कळले तर कवटीला छिद्र पाडून काढता येते, आणि पुष्कळ माणसे बरी होतात. वयस्कर माणसे, दारू पिणारे आणि रक्त पातळ होण्याची गोळी घेणारे यांना धोका जास्त. किरकोळ मार लागून महिनाभराने डोके दुखणे, विसरणे, झोक जाणे, एका बाजूची ताकद कमी होणे, यांपैकी काही दिसले तर गोळी आणत बसू नका. शिवाजी पेठेतून सीपीआर काही लांब नाही. आणि मोठा मार लागून माणूस शुद्धीवर आला, नीट बोलला, तरी त्या रात्री त्याला एकटे झोपू देऊ नका. काही तासांनी तो पुन्हा बेशुद्ध होऊ शकतो.

मामांचा मुलगाही आता सेंट्रिंगलाच जातो. मामीला फारसे लिहिता येत नाही, पण तो कुठे पडला-धडपडला की ती नातीकडून भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून घेते. मागच्या उन्हाळ्यातल्या एका चौकटीत लिहिले आहे, 'शिडीवरून. डोक्याला टेंगूळ.' त्याच संध्याकाळी तिने पोराला स्कॅनला नेले. काही निघाले नाही.