भूक आणि आरसा

मुलांनो, 'तंदुरुस्त' हा शब्द तुम्ही घरी उर्दूत बोलता आणि वर्गात मराठीतही वाचता. मूळ शब्द फारसी आहे. 'तन' म्हणजे शरीर आणि 'दुरुस्त' म्हणजे ठीक. ज्याचे शरीर ठीक चालते तो तंदुरुस्त. या शब्दात जाड किंवा बारीक असे काही नाही.

आपल्या कंधारमधील म्हाताऱ्या माणसांना १९७२ च्या दुष्काळाविषयी विचारा. त्या वर्षी मराठवाड्यात पिके गेली. दुष्काळी कामावर माणसे खडी फोडत आणि परदेशातून आलेली 'मिलो' नावाची लाल ज्वारी खात. त्या पिढीला मूल अंगाने भरलेले दिसले की बरे वाटे. हाडे दिसू लागली की घरात काळजी सुरू होई. आज घरात भाकरी आहे, डाळ आहे, तरी एखादी मुलगी "मला भूक नाही" म्हणून ताट सरकवते. तिचा डबा जसाच्या तसा परत जातो. मोबाइलमधल्या चित्रासारखे दिसावे असे तिला वाटत असते. ते चित्र तर पुष्कळदा यंत्राने बारीक केलेले असते.

चित्रांचा असा परिणाम किती लवकर होतो? फिजी हा प्रशांत महासागरातील बेटांचा देश आहे. तेथे भरलेले अंग चांगले मानत. १९९५ साली त्याच्या एका भागात टीव्ही आला. ॲन बेकर या अमेरिकन संशोधिकेने तेथील शाळकरी मुलींना त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ मध्ये प्रश्न विचारले. वजन कमी करण्यासाठी मुद्दाम उलटी करणारी मुलगी आधी एकही नव्हती. तीन वर्षांनी शंभरांत सुमारे अकरा मुली तसे करत होत्या.

तुमच्या वयात शरीर बदलतेच. वयात येताना मुलींच्या अंगात चरबी वाढते. ती निसर्गानेच ठरवलेली असते. हाडांचा मोठा भागही याच वर्षांत घडतो. नेमके याच वेळी जेवण तोडले तर पाळी थांबते, हाडे कच्ची राहतात, केस गळतात, सतत थंडी वाजते, चक्कर येते. हृदयाचे ठोके मंदावतात. काही रुग्ण यात दगावतातही.

या आजाराला 'ॲनोरेक्सिया नर्व्होसा' हे नाव लंडनचे डॉक्टर विल्यम गल यांनी दिले. त्यांचा लेख १८७४ मध्ये छापला गेला. म्हणजे हे मोबाइलच्या काळातले नवे खूळ नव्हे. ॲनोरेक्सियाचा अर्थ 'भूक नसणे'. मला विचाराल तर हे नाव फसवे आहे. भूक असते, पण वजन वाढण्याची भीती तिच्यापेक्षा मोठी होते. हाडे दिसत असली तरी आरशात आपण जाडच आहोत असे वाटते.

घरातले म्हणतात, "नखरे करते. दोन शब्द सुनावले की खाईल." तसे होत नाही. का होत नाही, हे एका प्रयोगावरून कळते. १९४५ मध्ये अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना, त्यांच्याच संमतीने, सहा महिने जवळजवळ निम्म्या अन्नावर ठेवले. त्यांना बारीक व्हायचे नव्हते, तरीही ते चिडचिडे झाले. मित्रांत मिसळेनासे झाले. दिवसभर अन्नाचाच विचार करू लागले. काही जण पाककृतींची पुस्तके वाचत बसत. उपासमारीने आधी शरीर आणि मग मनही बदलते. अशा मनाला रागावून काय उपयोग?

दुसरा आजार बुलिमिया. यात माणूस अधाशासारखे खातो आणि मग लपून उलटी करतो किंवा जुलाबाच्या गोळ्या घेतो. वजन ठीक दिसते, म्हणून कोणाला कळत नाही. पोटातल्या आम्लाने दात झिजतात. रक्तातील पोटॅशियम घटते आणि हृदयाची लय बिघडू शकते.

रोजा आणि ही उपासमार यांत गल्लत करू नका. रोज्याला सहरी आणि इफ्तार असते, आजारी माणसाला सवलत असते. या आजारात मात्र मुलगी इफ्तारलाही टाळाटाळ करते, किंवा न खाण्यासाठी रोज्याचे निमित्त सांगते. अम्मीने किंवा आपाने हे ओळखायला हवे.

मुलगेही यातून सुटलेले नाहीत. छाती-दंड फुगवण्यासाठी कोणी स्टेरॉइडची इंजेक्शने घेतो. त्याने यकृताला आणि हृदयाला इजा होते, वाढत्या वयात उंचीही खुंटू शकते.

उपचार आहेत, आणि लवकर सुरू झाले तर गुण येतो. पहिल्यांदा ग्रामीण रुग्णालयात दाखवावे. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पुढील तपासणी होऊ शकते. 'टेलि-मानस' या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून आहे. तो मोफत आहे आणि त्यावर मराठीत बोलता येते. तुमची मैत्रीण असे करताना दिसली तर गुपित म्हणून ठेवू नका, एखाद्या मोठ्या माणसाला सांगा. बरे व्हायला महिने लागतात. वजन आधी भरते, भीती मागाहून जाते. त्या दिवसांत तिच्या अंगाविषयी काही बोलू नये, अगदी "आता छान दिसतेस" असेही नाही. अभ्यास, क्रिकेट, घरची मांजर, दुसऱ्या कशाबद्दलही बोलावे.