पेट्रोल पंपावरची पंगत

पेट्रोल पंपावर जेवायला जाऊ, असे कोणी म्हटले तर मुंबई-पुण्याच्या माणसाला ती थट्टाच वाटेल. पंपावर गाडीत इंधन भरावे, टायरमधील हवा तपासावी आणि पुढच्या वाटेला लागावे, एवढाच आपला त्याच्याशी संबंध. अमेरिकेच्या दक्षिण भागातील खेड्यांत मात्र हे वाक्य गंभीरपणे उच्चारले जाते. तिकडे पेट्रोलला ‘गॅस’ म्हणतात आणि पंपाला ‘गॅस स्टेशन’. मिसिसिपी, लुइझियाना, अलाबामा, जॉर्जिया या राज्यांतील आडरस्त्यांवरच्या अशा अनेक पंपांच्या दुकानांत दिवस उजाडण्यापूर्वीच कढया तापलेल्या असतात. शेतमजूर, लाकूडतोडे, ट्रकचालक, शाळेतील शिक्षक आणि गावचा पोलीस अधिकारी एकाच काउंटरसमोर उभे राहून न्याहारी घेतात.

गेल्या काही वर्षांत या अन्नाभोवती कौतुकाचे वलय निर्माण झाले आहे. मूळच्या मिसिसिपीच्या छायापत्रकार केट मेडली यांनी दक्षिणेतील राज्ये पालथी घालून पंपांवरच्या स्वयंपाकघरांची छायाचित्रे टिपली आणि २०२३ मध्ये त्यांचे पुस्तक प्रसिद्ध झाले. शहरांतील खवय्येही आता वाट वाकडी करून या पंपांवर थांबतात. चव हे या आकर्षणाचे एक कारण आहेच. परंतु एकमेव नव्हे. गावातील खाणावळ, किराणा दुकान आणि बाजारपेठ एकामागून एक बंद पडत गेली तेव्हा पंप तेवढा तग धरून राहिला, आणि गावाच्या जेवणाची जबाबदारी त्याच्यावर येऊन पडली. या अन्नाचे खरे महत्त्व त्यात आहे.

काचेच्या पेटीतले जेवण

या पंपांवरचा मुख्य पदार्थ म्हणजे तळलेली कोंबडी. बंद झाकणाच्या, दाबावर चालणाऱ्या कढईत ती लवकर शिजते आणि आतून कोरडी पडत नाही. जाड, मसालेदार आवरणामुळे दिव्यांनी उबदार ठेवलेल्या काचेच्या पेटीत ती बराच वेळ टिकते. शिवाय ताट-वाटी न लागता गाडीत बसल्या बसल्या खाता येते. सोबतीला बटाट्याच्या जाड, मसाला लावून तळलेल्या फोडी असतात. सकाळी मान असतो तो ‘बिस्किट’ला. हे आपले चहात बुडवायचे बिस्किट नव्हे. मैदा, लोणी आणि ताक घालून भाजलेला तो मऊ, पदर सुटणारा पाव. तो मधोमध फोडून त्यात सॉसेज किंवा अंडे भरले, की कामावर जाणाऱ्याची न्याहारी तयार होते.

दुपारी बऱ्याच ठिकाणी ‘मीट अँड थ्री’ नावाची थाळी मिळते. मांसाचा एक पदार्थ आणि सोबत तीन भाज्या, असा तिचा सरळ हिशेब. डुकराच्या खारवलेल्या मांसासह दीर्घकाळ शिजवलेली कोलार्डची पालेभाजी, पावट्याच्या जातीचे दाणे आणि भेंडी या भाज्यांच्या यादीत असतात. गंमत म्हणजे मॅकरोनी अँड चीजही त्याच यादीत धरले जाते.

प्रांत बदलला की पेटीतील पदार्थही बदलतात. लुइझियानाच्या केजन भागात पंपावर ‘बुदँ’ मिळते. डुकराचे मांस, काळीज, भात, कांदा आणि मसाला आतड्याच्या आवरणात भरून ते वाफवतात. लोक ते हातात धरून, गाडीच्या बॉनेटला टेकूनच फस्त करतात. याच भागातील स्कॉट या लहानशा गावाला राज्याच्या विधिमंडळाने २०१२ मध्ये ‘जगाची बुदँ राजधानी’ असा किताब दिला. मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातील डेल्टा भागात मक्याच्या पिठात मांस भरून, मसालेदार पाण्यात शिजवलेले ‘तमाले’ विकले जातात. जॉर्जिया आणि दोन्ही कॅरोलिना राज्यांत मिठाच्या पाण्यात उकडलेल्या भुईमुगाच्या शेंगा मिळतात. महाराष्ट्रातील वाचकाला त्यांची चव वेगळी समजावून सांगायला नको. साउथ कॅरोलिनाने २००६ मध्ये या शेंगांना राज्याच्या अधिकृत खाऊचा दर्जा दिला आहे.

पंपवाला स्वयंपाकघरात का शिरला?

पंप आणि तळलेली कोंबडी यांचे नाते जुने आहे. १९३० मध्ये, मंदीच्या काळात, केंटकी राज्यातील कॉर्बिन येथे हार्लंड सँडर्स नावाचा चाळिशीचा गृहस्थ पंप चालवत होता. वाटसरूंना भूक लागलेली पाहून तो त्यांना आपल्या घरच्या जेवणाच्या टेबलावरच वाढू लागला. पुढे त्याचे मोठे उपाहारगृह झाले. नव्या महामार्गाने कॉर्बिनला वळसा घातला तेव्हा त्याचा धंदा बसला आणि १९५६ मध्ये त्याला ते उपाहारगृह विकावे लागले. साठी उलटलेला सँडर्स आपली पाककृती घेऊन गावोगाव हिंडू लागला. ‘केंटकी फ्राइड चिकन’च्या जागतिक साम्राज्याचे मूळ असे एका पंपावर आहे.

सँडर्सला जे उमगले होते, तेच अर्थकारण आजही लागू पडते. पेट्रोलचा दर ठळक अक्षरांत फलकावर लावलेला असतो. त्यामुळे समोरच्या पंपाशी स्पर्धा अटळ ठरते. क्रेडिट कार्डाचे शुल्क आणि इतर खर्च वजा जाता मालकाच्या हाती गॅलनमागे, म्हणजे पावणेचार लिटरमागे, काही सेंटच उरतात. गाडी थांबवण्याचे काम पेट्रोल करते. नफा मिळतो तो दुकानातील चहा-कॉफी, शीतपेये आणि शिजवलेल्या अन्नावर. अमेरिकेत अशी सुमारे दीड लाख छोटी दुकाने असून त्यांतील बहुसंख्य इंधन विकतात. त्यांपैकी निम्म्याहून अधिक दुकानांच्या मालकाकडे ते एकच दुकान असते.

अशा एकांड्या दुकानदारासाठी तयार व्यवस्थाही उभ्या राहिल्या. १९८९ मध्ये लुइझियानातील लाफायेट येथे सुरू झालेली ‘क्रिस्पी क्रंची चिकन’ ही त्यांपैकी एक. कंपनी मसाला आणि कार्यपद्धती पुरवते. दुकान मात्र मालकाचेच राहते. काही ठिकाणी तर कोणत्याही कंपनीचे नाव नसते. गावातीलच एखादी अनुभवी स्वयंपाकीण पहाटे येते आणि तिच्या हाताची चव हीच त्या पंपाची ओळख ठरते.

गाव रिकामे झाले, पंप उरला

दक्षिणेतील खेड्यांचा गेल्या शतकातील इतिहास हा ओहोटीचा इतिहास आहे. कापूस वेचणारी यंत्रे आली आणि मजुरांची गरज संपली. १९१० ते १९७० या काळात सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून उत्तर आणि पश्चिमेकडील शहरांत गेले. १९५६ च्या कायद्यानंतर आंतरराज्य महामार्गांचे जाळे विणले गेले आणि जुन्या रस्त्यांवरील गावे बाजूला पडली. पुढे मोठ्या साखळी दुकानांनी मुख्य पेठेतील लहान व्यापाऱ्यांचा बळी घेतला.

अमेरिकेच्या कृषी खात्याच्या परिभाषेत, ग्रामीण भागातील ज्या गरीब वस्त्यांतील बऱ्याच लोकांना सुपरमार्केट दहा मैलांहून, म्हणजे सुमारे सोळा किलोमीटरहून, दूर पडते, त्यांना अन्नाच्या दृष्टीने ‘वाळवंट’ समजले जाते. मिसिसिपी डेल्टासारख्या भागात ही स्थिती नवलाची नाही. हा भाग देशातील सर्वांत सुपीक जमिनींपैकी एक. पण तेथे पिकतो तो प्रामुख्याने कापूस, सोयाबीन आणि मका. भाजीपाला बाहेरून येतो. ज्याच्याकडे गाडी नाही, त्याच्यासाठी चालत जाता येईल असे एकमेव दुकान अनेकदा पंपाचेच असते.

येथेच एक विचित्र नियम आडवा येतो. गरिबांसाठीच्या ‘स्नॅप’ या केंद्रीय अन्नसाह्य योजनेच्या कार्डावर गरम, तयार अन्न सामान्यतः विकत घेता येत नाही. काही राज्यांत वृद्ध, अपंग आणि बेघर यांना मर्यादित सवलत आहे, तेवढीच. परिणामी, कार्डधारक आईला पंपावरून चिप्सचे पाकीट घेता येते. पण शेजारच्या काचेच्या पेटीतील गरम कोंबडी आणि पालेभाजी घेता येत नाही.

एकच रांग

या काउंटरला आणखी एक इतिहास आहे. वंशभेदाच्या काळात कृष्णवर्णीय प्रवाशाला अनेक पंपांवर पेट्रोल मिळे. परंतु स्वच्छतागृह वापरता येत नसे, आणि खाणावळीची दारे तर बंदच असत. अशी कुटुंबे तळलेली कोंबडी आणि उकडलेली अंडी बुटांच्या खोक्यात भरून घरूनच नेत. सुरक्षित मुक्कामांची आणि पंपांची माहिती देणारे ‘ग्रीन बुक’ १९३६ पासून प्रसिद्ध होऊ लागले. ‘एस्सो’ या तेल कंपनीच्या पंपांवर ते मिळत असे. १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने सार्वजनिक ठिकाणी वंशभेदाला बंदी घातली तेव्हा त्या ठिकाणांच्या यादीत पेट्रोल पंपांचा स्वतंत्र उल्लेख करण्यात आला.

कायद्याने मने बदलतातच असे नाही. दक्षिणेतील अनेक गावांत आजही चर्च वेगळी आहेत, वस्त्या वेगळ्या आहेत आणि मैत्रीची वर्तुळेही वेगळी आहेत. पण पहाटेच्या न्याहारीची रांग एकच असते, कारण दुसरे दुकानच नसते.

काउंटरमागची माणसेही बदलली आहेत. डेल्टात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून चिनी कुटुंबांनी किराणा दुकाने थाटली, लेबनीज व्यापारीही आले. अलीकडच्या दशकांत गुजराती, पंजाबी, पाकिस्तानी आणि येमेनी कुटुंबांनी पंप विकत घेतले आहेत. त्यामुळे क्वचित एखाद्या पंपावर कोंबडीच्या शेजारी सामोसाही दिसतो.

कौतुक आणि काळजी

या चित्राला दुसरी बाजू आहे. मिसिसिपीत दर दहा प्रौढांपैकी सुमारे चार जण स्थूलतेच्या व्याख्येत बसतात. पक्षाघाताने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण आग्नेय अमेरिकेत इतके अधिक आहे, की वैद्यकीय संशोधक या भागाला ‘स्ट्रोक बेल्ट’ म्हणतात. याचा दोष एकट्या पंपावर टाकता येणार नाही. गरिबी, दवाखान्यांचा अभाव आणि धूम्रपान हीदेखील कारणे आहेत. तरीही रोज तळलेले खाण्याची किंमत शरीर मोजतेच. पर्यटकाला वर्षातून एकदा मिळणारी ही मेजवानी स्थानिक मजुराचे रोजचे जेवण आहे, हा फरक कौतुकाच्या भरात विसरला जातो.

दुसरीकडे स्पर्धेचे स्वरूप बदलले आहे. टेक्सासमध्ये १९८२ साली सुरू झालेल्या ‘बकीज’ या साखळीने २०१९ मध्ये राज्याबाहेर पाऊल टाकले. २०२४ मध्ये टेक्सासमधील लुलिंग येथे उघडलेले तिचे दुकान ७५ हजार चौरस फुटांचे असून तेथे १२० ठिकाणी एकाच वेळी इंधन भरता येते. मांसाचे ताजे कापलेले तुकडे, मिठाया, चकचकीत स्वच्छतागृहे असा हा सारा थाट महामार्गावरच्या प्रवाशासाठी आहे. आडरस्त्यावरच्या गावाला त्याचा उपयोग नाही. विजेवरच्या गाड्या वाढल्या, तर इंधनावर उभ्या असलेल्या लहान पंपांपुढचा प्रश्न आणखी बिकट होईल.

शहरातील एखादा पंप बंद पडला, तर चालक पुढच्या चौकात वळतो. डेल्टातील खेड्यात तो बंद पडला, तर पेट्रोलबरोबर गावाची न्याहारी जाते, दूध-पावाचे शेवटचे दुकान जाते आणि सकाळी एकमेकांची ख्यालीखुशाली विचारण्याची जागाही जाते. त्यामुळेच तेथील माणूस पंपावरच्या कोंबडीबद्दल इतक्या जिव्हाळ्याने बोलतो.