हिपॅटायटिस-सी : रक्ताविषयीचा एक प्रश्न

लैंगिक आरोग्याच्या क्लिनिकमध्ये येणारा रुग्ण बहुधा एकटा येतो, उशिरा येतो आणि शक्य तितक्या लवकर निघून जाऊ इच्छितो. खेड्यापाड्यांत ‘गुप्तरोग’ हा शब्द उच्चारण्यापेक्षा माणसे दुखणे अंगावर काढणे पसंत करतात. अशा रुग्णाने धीर करून एकदा रक्त तपासणीस दिले, तर त्याच नमुन्यातून जे कळण्यासारखे आहे ते सारे कळावे, असे आम्हांस वाटते. शासनाच्या ‘सुरक्षा क्लिनिक’ व्यवस्थेमुळे एचआयव्ही आणि गरमी यांच्या तपासण्या आता लोकांच्या परिचयाच्या झाल्या आहेत. हिपॅटायटिस-सीचे नाव मात्र अद्याप अनेकांच्या कानी पडलेले नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

कावीळ म्हटली की पिवळे डोळे आणि झाडपाल्याचे औषध आपल्याला आठवते. दूषित पाण्यातून होणारी ‘ए’ आणि ‘ई’ प्रकारची कावीळ बहुधा काही आठवड्यांत ओसरते. ‘सी’ प्रकाराचा विषाणू रक्तावाटे शरीरात शिरतो आणि पुष्कळदा डोळे पिवळे न करताच यकृतात ठाण मांडतो. त्याचा शोध १९८९ मध्ये लागला आणि त्या कार्यासाठी तीन शास्त्रज्ञांना २०२० चे नोबेल पारितोषिक मिळाले. लागण झालेल्या शंभर जणांपैकी सुमारे तीस जण सहा महिन्यांत आपोआप मुक्त होतात; उरलेल्या सत्तरांच्या शरीरात विषाणू टिकून राहतो. अशा दीर्घकालीन रुग्णांपैकी १५ ते ३० टक्क्यांना वीस वर्षांच्या आत यकृताचा सिरोसिस होऊ शकतो. तोपर्यंत थोडा थकवा याखेरीज तक्रार नसते. पोटात पाणी झाल्यावर रुग्ण येतो, तेव्हा बराच उशीर झालेला असतो.

हा आजार लैंगिक संबंधातून होतो काय, असा प्रश्न साहजिकच विचारला जातो. पती-पत्नींमध्ये तो तसा पसरणे फार विरळ आहे. परंतु एचआयव्हीची बाधा असणे, जननेंद्रियांवर जखमा असणे किंवा संबंधात रक्ताचा संपर्क येणे, यांमुळे धोका वाढतो. पुरुषांशी संबंध ठेवणाऱ्या एचआयव्हीबाधित पुरुषांत तो विशेष आढळतो. म्हणून या क्लिनिकमध्ये त्याची विचारणा व्हायला हवी. मात्र ती केवळ वर्तनाची नसावी. अनिर्जंतुक सुई, जत्रेतील एकाच सुईचे गोंदण, दुसऱ्याचे वापरलेले पाते, न तपासलेले रक्त हे या विषाणूचे खरे राजमार्ग आहेत. एका ताटात जेवल्याने किंवा जवळ घेतल्याने तो पसरत नाही. बाधित मातेकडून बाळाला मात्र शंभरात सुमारे पाच वेळा लागण होऊ शकते.

आणि येथेच आमच्या सास्तूर परिसराचा एक वेगळा प्रश्न उभा राहतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे झालेल्या भूकंपात सुमारे ८ हजार माणसे दगावली आणि सुमारे १६ हजार जखमी झाली. जखमींना सोलापूर, लातूर आदी ठिकाणी हलविण्यात आले. कित्येकांवर शस्त्रक्रिया झाल्या, कित्येकांना रक्त चढविले गेले. त्या रक्तदात्यांनी जीव वाचविले. त्यांच्या दानाला उणेपणा आणण्याचा आमचा हेतू नाही. तथापि रक्तपेढ्यांत हिपॅटायटिस-सीची तपासणी सक्तीची झाली ती २००१-०२ च्या सुमारास. पैसे घेऊन रक्त देण्यावरील बंदीही १९९८ मध्ये अमलात आली. तेव्हाच्या दहा वर्षांच्या मुलाने आज चाळिशी ओलांडली आहे. वीस वर्षांचा तो कालावधी उलटून गेला आहे, आणि अशा अनेकांची तपासणी कधीच झालेली नसेल.

तपासणी दोन टप्प्यांची आहे. पहिली प्रतिपिंडांची, ती होकारार्थी आली म्हणजे विषाणू कधीतरी शरीरात आला होता, एवढेच सिद्ध होते. तो आजही आहे की नाही, हे दुसरी, आरएनए तपासणी सांगते. पहिल्या निष्कर्षानेच घाबरून जाण्याचे कारण नाही. पण तेथेच थांबणेही घातक. धोका नुकताच घडला असल्यास प्रतिपिंडे तयार होण्यास दोन-तीन महिने लागू शकतात, म्हणून तपासणी पुन्हा करावी लागते.

उपचाराच्या बाबतीत तर काळ पालटला आहे. पूर्वीची इंजेक्शने महाग, त्रासदायक आणि बेभरवशाची होती. आता सोफोसबुविर व डाक्लाटासविर या गोळ्या बहुतेकांना बारा आठवडे घ्याव्या लागतात आणि ९५ टक्क्यांहून अधिक रुग्ण पूर्ण बरे होतात. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणूजन्य हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य आहेत. उपचारापूर्वी हिपॅटायटिस-बीची तपासणी अवश्य करावी लागते, कारण सुप्त ‘बी’ या काळात उचल खाऊ शकतो. बरे झाल्यावरही पुन्हा लागण होऊ शकते आणि ‘सी’विरुद्ध लस अद्याप नाही, हेही ध्यानी ठेवावे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये भारतात सुमारे ५५ लाख लोकांना हा दीर्घकालीन आजार होता. त्यांतील बहुतेकांना तो ठाऊकच नाही. जो आजार गोळ्यांनी बरा होतो, त्याने केवळ न विचारल्यामुळे माणूस दगावावा, याहून मोठे दुःख कोणते? म्हणून तपासणी रुग्णाच्या संमतीने, निष्कर्ष फक्त त्याच्याच कानी आणि प्रश्न दोषारोपाचा सूर न लावता, हे पथ्य आम्ही आवश्यक मानतो. ‘तुम्ही काय केलेत?’ याऐवजी ‘तुम्हांला कधी रक्त चढविले होते का?’ असे विचारले, तर लाजेचे दार सहज उघडते.

वाचकांना आमची एकच विनंती आहे. आपल्या घरात, शेजारी, भावकीत १९९३ च्या त्या दिवसांत कोणाला रक्त दिले गेले असेल, तर त्यांना आठवण करून द्यावी आणि एकदा तपासणीस आणावे. ढिगाऱ्यातून वाचलेले ते आयुष्य यकृताच्या आजाराने हिरावले जाऊ नये, एवढीच आमची तळमळ आहे.