काळे शेवटी यायला हवेत: खामगावातल्या एका वेब डेव्हलपरचा दिवस

पहाटे ५.३०

खामगावात उन्हाळ्यात डोक्याचं काम करायचं तर पहाट गाठावी लागते. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या वर जातो आणि दुपारी लॅपटॉपही तापतो, माणूसही. म्हणून पहिला तास वाचनासाठी राखून ठेवलेला. कामापुरतं तांत्रिक वाचन होतंच, पण या वेळी मी माझ्या आवडीचं वाचतो, ते म्हणजे देवनागरी अक्षरांविषयी. विंडोज २००० बरोबर आलेला ‘मंगल’ हा फॉन्ट र. कृ. जोशी यांनी घडवला. युनिकोड रुळण्याआधी आपल्याकडच्या डीटीपी सेंटरांत मराठी मजकूर म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले मराठी आकार. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की लग्नपत्रिकेच्या जागी निरर्थक चिन्हांची रांग. ती अडचण ज्यांनी सोडवली, त्यांचं काम समजून घेताना वेळ कसा जातो कळत नाही.

सकाळी ७.००

बाबांबरोबर चहा. आम्ही मूळचे घाटावरचे, चिखली तालुक्यातले. सोयाबीन आणि तुरीचं रान अजून आहे. बाबांना माझं काम वेबसाइट म्हणून नाही, माणसांच्या नावाने कळतं. “आज कोनाचं काम हाय?” हा त्यांचा रोजचा प्रश्न. आज बियाणं-खतवाल्यांचं, असं मी सांगितलं.

मराठी माध्यमाच्या शाळेत शिकलो. संगणकाला पहिल्यांदा हात लागला तो एमएस-सीआयटीच्या वर्गात. पुढे शेगावला, १९८३ साली सुरू झालेल्या संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलो. तिथून पुणे, हिंजवडी. पीएचपीपासून सुरुवात झाली, मग जावास्क्रिप्ट हाच मुख्य धंदा झाला. २०२० च्या टाळेबंदीत घरी आलो, घरून काम नीट होतं हे कंपनीलाही दिसलं आणि मी खामगावात बिऱ्हाड केलं. सकाळी नोकरी, दुपारनंतर कोडिंगचा वर्ग, अशी आता घडी बसली आहे.

सकाळी ९.३०

पुण्याच्या टीमबरोबर रोजची बैठक. काल काय झालं, आज काय, कुठे अडलं, एवढंच. आज अडलेलं माझ्या वाट्याला आलं. कृषी केंद्रांसाठी केलेल्या संकेतस्थळावर ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द शोधला तर निम्मी पानं सापडतात, निम्मी नाहीत. सापडलेल्या आणि न सापडलेल्या पानांवरचा शब्द शेजारी ठेवला तर डोळ्यांना काडीचा फरक दिसत नाही.

फरक आतल्या संकेतांत आहे. ‘शेतकऱ्यां’मधला हा अर्धा, डोक्यावर न चढणारा र दोन प्रकारे टाइप होतो. एका प्रकारात युनिकोडमधला ‘ऱ’ आणि त्याला हलन्त. दुसऱ्या प्रकारात साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही सारखेच उमटतात, पण संगणकाच्या लेखी ते दोन वेगळे शब्द. युनिकोडचं नेहमीचं सामान्यीकरणही हे दोन प्रकार एक करत नाही. म्हणून मजकूर साठवण्याआधी आणि शोधण्याआधी, दोन्ही वेळा, दुसरा प्रकार पहिल्यात बदलणारं छोटं फंक्शन लिहिलं. जुन्या नोंदीही त्यातून काढल्या. दुपारपर्यंत सगळी पानं सापडू लागली.

हा बिघाड चाचणीत कुणालाच दिसला नव्हता, कारण चाचणीचे शब्द इंग्रजी होते.

दुपारी १.००

भाकरी, पिठलं, ठेचा. जेवता जेवता त्यातल्याच एका कृषी केंद्राच्या मालकांचा फोन. त्यांचे एसएमएस महाग पडत होते. इंग्रजी एसएमएसमध्ये १६० अक्षरं मावतात, मराठीत ७०, आणि त्या सत्तरमध्ये काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं मोजलं जातं. ‘बुलडाणा’ हा शब्द आपल्याला चार अक्षरांचा दिसतो, मोबाइलच्या हिशोबात तो सात आहे. सत्तरच्या पुढे एक खूण गेली की दोन संदेशांचे पैसे. इंग्रजीत पाठवा असं सांगून मोकळं होता आलं असतं. पण ज्यांना बियाणं आल्याचं कळवायचं ते मराठी वाचतात. आम्ही ‘आपणांस कळविण्यात येते की’ काढून टाकलं आणि निरोप सत्तरच्या आत बसवला. भाषाही सुधारली.

दुपारी ३.३०

वर्ग. एका गाळ्यात आठ-दहा संगणक, काहींचे स्वतःचे लॅपटॉप. मुलंमुली शेगाव, नांदुरा, चिखलीहून एसटीने येतात, काही जलंबहून. कापूस वाहून न्यायला इंग्रजांनी १८७० मध्ये जलंब-खामगाव हा रेल्वेचा फाटा टाकला. इथला माल बाहेरच्या बाजाराला जोडणं या गावाला नवं नाही, आता कापसाच्या जागी कोड आहे एवढंच.

बहुतेक वर्गांत यादी क्रमाने लावायला शिकवताना फळांची इंग्रजी नावं घेतात. मी आडनावं घेतो. आज फळ्यावर चार होती: कासार, काळे, कावरे, काशीद. जावास्क्रिप्टच्या साध्या ‘सॉर्ट’ने क्रम लावला तर काळे पहिले, मग कावरे, काशीद, कासार. सगळ्यांनी टिपून घेतलं. मागच्या बाकावरून संग्रामपूर तालुक्यातली एक मुलगी म्हणाली, “सर, काळे त शेवटी याले पायजे ना? हजेरीत तसंच असते.”

तिचं बरोबर होतं. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर येतो. युनिकोडने देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय संकेतपद्धतीवरून घेतली. ती अनेक भारतीय लिप्यांसाठी मिळून केलेली होती आणि तिच्यात ळ हा ल ला लागून आहे. साधा ‘सॉर्ट’ त्या संकेतांच्या आकड्यांवर चालतो, त्याला मराठी शाळेचा क्रम ठाऊक नसतो. उपाय एका ओळीचा आहे: ‘लोकेलकम्पेअर’ वापरायचं आणि त्याला भाषा मराठी असल्याचं सांगायचं. तिने स्वतः ती ओळ लिहिली. कावरे, काशीद, कासार, काळे.

मग खरा पाठ सुरू झाला. हा मराठी क्रम ब्राउझरला कुणी सांगितला? युनिकोडचा ‘सीएलडीआर’ नावाचा खुला प्रकल्प आहे. जगभरातल्या भाषांचे अक्षरक्रम, महिन्यांची नावं, आकडे लिहायच्या पद्धती त्यात नोंदवलेल्या असतात. कुणीतरी मराठी जाणणाऱ्याने तिथे हे काम केलं, म्हणून आज आपलं एका ओळीत भागलं.

सायंकाळी ५.३०

लाइट गेली. संगणक बंद, वर्ग चालू. अशा वेळी वह्या काढायच्या आणि कोड कागदावर चालवायचा: ही ओळ झाल्यावर या नावात काय आहे, पुढच्या ओळीनंतर काय. पडद्यावर घाईघाईने बदल करून पाहायची सवय मुलांना लवकर लागते. कागद त्यांना थांबून वाचायला लावतो. इंग्रजीतले एरर संदेशही आम्ही असेच सावकाश वाचतो: कुठल्या फाइलमध्ये, कितव्या ओळीत, कसली तक्रार. इंग्रजी कच्चं असलेल्या मुलाला या तीन प्रश्नांचा मोठा आधार होतो.

रात्री ८.३०

जेवण झाल्यावर तासभर स्वयंसेवेचं काम. वर्डप्रेसचं मराठी भाषांतर जगभरातले स्वयंसेवक मिळून करतात. कुणीही सूचना पाठवावी, संपादकांनी तपासून ती स्वीकारावी, अशी पद्धत. माझ्या वर्गातल्या काही जणांनी तिथे सूचना द्यायला सुरुवात केली आहे. मी त्यांची वाक्यं आधी वाचून देतो. बटणावर ‘जतन करा’ लिहावं की ‘साठवा’, यावरही आमची मनापासून चर्चा होते.

रात्री १०.००

उद्याचा पाठ ठरला: प्रत्येकाने आपल्या गावाच्या नावाने शोधपट्टी तपासायची, आणि ‘शेतकऱ्यांसाठी’ हा शब्द दोन्ही प्रकारचे ऱ घालून.

वर्गात येणाऱ्या मुलांच्या घरचे लोक मला विचारतात, नोकरी लागेल का? लागते, मेहनत केली तर. पण मला त्यापलीकडचंही सांगायचं असतं. परदेशातला कितीही हुशार प्रोग्रामर काळे पहिले आल्याने अडखळणार नाही, त्याला त्यात काही चुकलेलं दिसणारच नाही. संग्रामपूरच्या मुलीला ते क्षणात दिसलं. मराठी वेबवर नीट चालावी असं वाटत असेल, तर हजेरीचा क्रम तोंडपाठ असलेल्या अशा मुलामुलींच्या हाती कोड गेला पाहिजे.