स्वयंपाकघरातल्या टेबलावर रचलेला खेळ

कॉम्प्युटरवरचे जुने साहसी खेळ आठवतात? पडद्यावर प्रसंग यायचा आणि आपण इंग्रजीत दोन-तीन शब्द टाईप करायचे : 'दार उघड', 'दिवा घे'. ते शब्द कॉम्प्युटरच्या यादीत असले तर गोष्ट पुढे सरकायची, नाहीतर 'कळलं नाही' असं उत्तर यायचं! मग आम्ही शब्दकोश उघडून दुसरं क्रियापद शोधायचो, वाट चुकू नये म्हणून वहीत नकाशा काढायचो.

सुरुवातीला या खेळांत नुसता मजकूर असे. घरच्या कॉम्प्युटरवर त्यांना चित्रांची जोड दिली ती अमेरिकेतल्या रॉबर्टा विल्यम्स यांनी. दोन मुलांच्या या आईनं स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसून गोष्ट रचली, चित्रं काढली. प्रोग्राम पती केन यांनी लिहिला. १९८० साली 'मिस्टरी हाउस' आला. पुढे १९८४ साली त्यांचा 'किंग्ज क्वेस्ट' आला आणि १९८८ च्या चौथ्या भागात तर वडिलांचे प्राण वाचवायला राजकन्या रोझेलाच निघाली.

'कॉम्प्युटर मुलींचं काम नाही' असं घरात कुणी म्हटलं, तर लेकीला या टेबलाची गोष्ट जरूर सांगा. आणि तिच्या हाती एक कोरी वही द्या.